शाळेसमोरचा सिग्नल: पैसे कुठून येतात?

वाचण्याआधी
तुमच्या शाळेजवळचा सर्वांत मोठा रस्ता कोणता? तो तुम्ही कसा ओलांडता? चालत, सायकलवर, की आईबाबांच्या गाडीत बसून? उत्तर वहीत एका ओळीत लिहा. पाठ वाचून झाल्यावर आपल्याला ते परत लागणार आहे.

१. सकाळचे पावणेआठ

अशी कल्पना करा. तुम्ही अमेरिकेतल्या एका गावात राहता. घर रस्त्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. मधला रस्ता चार लेनचा. गाड्या ताशी ४० मैलांनी धावतायत. रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत, 'शाळा' अशी पिवळी पाटीही आहे. तुम्ही धाकट्या भावाचा हात धरून कडेला उभे आहात.

एक गाडी थांबते. बाई हसून हाताने 'जा' असं सांगतात. तुम्ही पाऊल टाकता, तेवढ्यात शेजारच्या लेनमधून दुसरी गाडी सूं करून निघून जाते. तिच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसलेलेच नसता, कारण थांबलेली गाडी मध्ये आड आलेली असते.

संध्याकाळी घरी हा विषय निघतो. बाबा म्हणतात, "इथे एक सिग्नल लावायला यांचं काय जातं?" भारतातून आलेली आजी म्हणते, "अरे, एक खांब नि तीन दिवे. त्याला असे कितीसे पैसे लागतात?"

दोघांचेही प्रश्न अगदी बरोबर आहेत. या पाठात आपण त्यांची उत्तरं शोधू या. सिग्नलला किती खर्च येतो, तो लावायचा की नाही हे कोण ठरवतं, पैसे कोणाच्या खिशातून येतात, आणि यात तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना काय करता येतं.

२. एक खांब नि तीन दिवे?

आधी आजीच्या प्रश्नाचं उत्तर. वॉशिंग्टन राज्याचं परिवहन खातं लोकांना सांगतं, की एक सिग्नल विकत घेऊन बसवायला साधारण २,५०,००० ते ५,००,००० डॉलर लागतात. त्यानंतर वीज आणि देखभाल यांवर दर वर्षी सुमारे ८,००० डॉलर खर्च होतात. चौक मोठा असेल, तर आकडा याहूनही वर जातो.

एवढे पैसे कशाला? कारण दिसतात ते फक्त दिवे. बाकीचं बरंच काही जमिनीखाली किंवा पेटीत लपलेलं असतं:

• लेनच्या वर लांब हात पसरणारे पोलादी खांब आणि वादळातही ते पडू नयेत म्हणून जमिनीत खोलवर घातलेला काँक्रीटचा पाया.
• रस्त्याखालून नेलेल्या विजेच्या तारा.
• कोपऱ्यावरची धातूची पेटी. तिच्यातला छोटा संगणक कोणता दिवा कधी लागेल हे ठरवतो.
• गाडी आली आहे हे ओळखणारे सेन्सर किंवा कॅमेरे.
• चालणाऱ्यांसाठी बटणं, चालत्या माणसाचं चित्र असलेले दिवे आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आवाजाची सूचना.
• व्हीलचेअर चढू-उतरू शकेल असे फुटपाथचे उतार.
• या सगळ्याचा आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरांची फी.

समजा, आपल्या सिग्नलला ४,००,००० डॉलर लागणार आहेत. शाळेच्या फंडरेझरमध्ये ५ डॉलरला एक वडापाव विकून हे पैसे जमवायचे ठरवलं, तर ८०,००० वडापाव विकावे लागतील. तेही मिरच्या, तेल आणि पाव फुकट मिळाले तर! म्हणजे हे काम वर्गणीचं नाही. इथे सरकारी पैसा लागतो, आणि सरकारी पैसा मिळवायचा तर आधी गरज सिद्ध करावी लागते.

३. आधी मोजा, मग मागा

अमेरिकेत रस्त्यावरच्या पाट्या, पट्टे आणि सिग्नल कसे असावेत यासाठी संपूर्ण देशाचं एक नियमपुस्तक आहे. त्याला सगळे 'एमयूटीसीडी' म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९३५ साली निघाली आणि अकरावी डिसेंबर २०२३ मध्ये. सिग्नल लावण्याचा विचार कधी करावा याच्या नऊ कसोट्या त्यात दिल्या आहेत. इंग्रजीत या कसोटीला 'वॉरंट' म्हणतात. पोलिसांच्या वॉरंटशी त्याचा काही संबंध नाही बरं का!

"कोणाचा तरी जीव गेल्याशिवाय सिग्नल लागत नाही," असं पुष्कळ लोक म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. अपघातांची संख्या ही नऊपैकी फक्त एक कसोटी आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी वेगळी, पाचवी कसोटी आहे. तिच्यात मुख्यतः दोन गोष्टी मोजतात:

पहिली: सर्वांत गर्दीच्या एका तासात निदान २० विद्यार्थी तिथे रस्ता ओलांडतात का?

दुसरी: मुलं रस्ता ओलांडत असतात त्या वेळात वाहतुकीत पुरेशा 'फटी' मिळतात का? फट म्हणजे दोन गाड्यांच्या मधला इतका वेळ, की मुलांना सुखरूप पलीकडे जाता यावं. मुलं ३० मिनिटं ये-जा करत असतील, तर निदान ३० फटी हव्यात. म्हणजे सरासरी मिनिटाला एक. त्याहून कमी असतील, तर कसोटी पूर्ण होते.

पुरेशी फट म्हणजे किती सेकंद? चला, गणित करू. आपला रस्ता ४८ फूट रुंद आहे असं धरू. चालण्याचा वेग सेकंदाला साडेतीन फूट धरतात.

४८ ÷ ३.५ = जवळजवळ १४ सेकंद.

त्यात दोन्हीकडे बघून पाऊल उचलायला लागणारे ३ सेकंद मिळवा. झाले १७ सेकंद. ताशी ४० मैल वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ५९ फूट जाते. १७ सेकंदांत ती जवळजवळ १,००० फूट पुढे येते! म्हणजे तुम्ही पाऊल टाकाल तेव्हा दोन्ही बाजूंना हजार-हजार फूट रस्ता मोकळा हवा. सकाळी पावणेआठला असा रस्ता किती वेळा मोकळा मिळतो? हेच इंजिनिअर हातात घड्याळ घेऊन मोजतात.

कसोटी पूर्ण झाली म्हणजे सिग्नल मिळालाच, असंही नाही. नियमपुस्तक म्हणतं, की त्याआधी साधे उपाय तपासून बघा: लुकलुकणारे दिवे, शाळेच्या वेळेपुरती कमी वेगमर्यादा, हातात 'थांबा'ची पाटी घेतलेला क्रॉसिंग गार्ड, किंवा रस्त्यावरून जाणारा पूल.

४. मोजणीतला पेच

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. तुम्ही वहीत लिहिलेलं उत्तर काढा. "आईबाबांच्या गाडीत बसून" असं लिहिलंय का?

रस्ता जितका भीतीदायक, तितकी कमी मुलं तो चालत ओलांडतात. आईबाबा म्हणतात, "नको गं बाई, मी सोडते तुला." मग मोजायला आलेल्या माणसाला तिथे २० काय, ७ मुलंही दिसत नाहीत. कागदावर नोंद होते, 'चालणारे विद्यार्थी फार कमी.' कसोटी पूर्ण होत नाही. सिग्नल लागत नाही. रस्ता तसाच राहतो. पुढच्या वर्षी आणखी चार आईबाबा मुलांना गाडीने सोडू लागतात, आणि शाळेसमोर आणखी चार गाड्या वाढतात.

आणि ती सात मुलं कोण असतात? बहुतेक वेळा ज्यांच्या घरी सकाळी गाडी किंवा सोडायला माणूस नसतो, ती. ज्यांना सिग्नलची सर्वांत जास्त गरज असते, त्यांची संख्या सर्वांत कमी दिसते.

हा पेच कसा सोडवायचा? चालणाऱ्यांची मोजणी करतानाच, जे चालत नाहीत त्यांचीही मोजणी करायची. पालकांना एक छोटी प्रश्नावली द्यायची: तुम्ही शाळेपासून किती लांब राहता? मूल चालत का येत नाही? रस्ता सुरक्षित झाला, तर चालत पाठवाल का? "आज ७ मुलं चालतात, पण अर्ध्या मैलाच्या आत १२० मुलं राहतात आणि त्यांतल्या ६० जणांचे पालक त्यांना चालत पाठवायला तयार आहेत," असं एखादी शाळा दाखवू शकली, तर चित्र पार बदलतं. (हे आकडे आपण उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या शाळेचे खरे आकडे तुम्हालाच शोधावे लागतील.)

५. आपल्याला नेमकं काय हवंय?

थोडं थांबू. आपल्याला सिग्नल हवाय, की रस्ता ओलांडताना सुरक्षितपणा हवाय?

सिग्नलमुळे आडव्या येणाऱ्या गाड्यांची टक्कर कमी होते, पण मागून गाडी आपटण्याचे अपघात कधी कधी वाढतात. शिवाय गाड्यांचा वेग ही वेगळीच अडचण आहे. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' फाउंडेशनने २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार ताशी २३ मैल वेगाची गाडी चालणाऱ्याला धडकली, तर मृत्यूचा धोका सरासरी १० टक्के असतो. ३२ मैलांना तो २५ टक्के होतो आणि ४२ मैलांना ५० टक्के. वेग दुपटीहूनही कमी वाढला, पण धोका पाचपट झाला!

म्हणून काही ठिकाणी दुसरे उपाय आधी करतात:

• झपाझप लुकलुकणारे पिवळे दिवे. चालणाऱ्याने बटण दाबलं की लागतात. केंद्राच्या महामार्ग विभागाच्या माहितीनुसार त्यांनी चालणाऱ्यांचे अपघात ४७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात.
• 'हॉक' नावाचा दिवा. तो ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात तयार झाला. एरवी बंद असतो. बटण दाबलं की आधी पिवळा, मग लाल होतो. त्याने चालणाऱ्यांचे अपघात ५५ टक्क्यांनी कमी होतात, असं तोच विभाग सांगतो. लेन जास्त आणि वेग ३५ मैल किंवा अधिक असेल, तिथे तो उपयोगी पडतो.
• रस्त्याच्या मधोमध उंच केलेलं बेट. एका वेळी अर्धाच रस्ता ओलांडायचा, मध्ये थांबायचं, मग उरलेला.

या उपायांचा खर्च पूर्ण सिग्नलपेक्षा सहसा बराच कमी असतो, त्यामुळे ते लवकर होऊ शकतात. म्हणून मागणी करताना "सिग्नलच द्या" असा हट्ट धरण्यापेक्षा, "आमच्या मुलांना इथून सुखरूप जाता आलं पाहिजे, तुम्ही उपाय सुचवा" असं म्हटलं, तर काम पुढे सरकण्याची शक्यता वाढते.

६. पैशांचे चार खिसे

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळू. "यांचं काय जातं?" हे 'यांचं' म्हणजे नक्की कोणाचं? पहिलं काम म्हणजे रस्ता कोणाचा ते शोधणं. तो सिटीचा असेल, काउंटीचा असेल किंवा राज्याचा. चुकीच्या दारावर थाप मारली, तर सहा महिने फुकट जातात. मालक कळला की पैशांचे चार खिसे दिसतात.

पहिला खिसा: सिटीचं स्वतःचं बजेट. रस्ते, पूल, बागा अशा मोठ्या कामांची यादी सिटी पुढच्या काही वर्षांसाठी आधीच करते. यादीत नाव नसेल, तर पैसे मिळणं अवघड.

दुसरा खिसा: केंद्र आणि राज्य सरकारचं अनुदान. मुलं चालत किंवा सायकलने शाळेत सुखरूप जावीत, या कल्पनेची सुरुवात १९७० च्या दशकात डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात झाली. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने 'सेफ रूट्स टू स्कूल' हा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासाठी पाच वर्षांना मिळून ६१ कोटी २० लाख डॉलर ठेवले गेले. आठवीपर्यंतच्या शाळांच्या दोन मैलांच्या परिसरातली कामं त्यात बसत. २०१२ नंतर हा कार्यक्रम दुसऱ्या मोठ्या निधीत सामील झाला, आणि २०२१ च्या कायद्याने त्यात हायस्कूललाही जागा मिळाली. त्याच कायद्याने 'सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑल' हा नवा निधी आणला: २०२२ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ५०० कोटी डॉलर. त्यासाठी सिटी किंवा काउंटी थेट अर्ज करू शकते.

तिसरा खिसा: बिल्डर. शाळेजवळ तीनशे नवी घरं बांधली, की गाड्याही वाढणार. म्हणून बऱ्याच ठिकाणी सिटी बिल्डरकडून रस्त्यांसाठी ठरावीक फी घेते, किंवा सिग्नलच्या खर्चाचा वाटा मागते.

चौथा खिसा: मतदारांनी मान्य केलेला कर किंवा कर्ज. काही काउंट्यांमध्ये विक्रीकरातला छोटा हिस्सा फक्त रस्त्यांसाठी राखून ठेवतात. तो ठेवायचा की नाही हे लोक मत देऊन ठरवतात.

आता आपल्या ४,००,००० डॉलरचं गणित करू. दुसऱ्या खिशातलं केंद्राचं अनुदान बहुधा ८० टक्के खर्च उचलतं. म्हणजे ३,२०,००० डॉलर. उरलेले ८०,००० डॉलर सिटीने पहिल्या, तिसऱ्या किंवा चौथ्या खिशातून काढायचे.

नीट बघितलं तर या सगळ्या खिशांत आपलेच पैसे आहेत. आई गाडीत गॅस भरते, तेव्हा प्रत्येक गॅलनमागे १८.४ सेंट केंद्राचा कर जातो. हा दर १९९३ पासून बदललेला नाही. १५ गॅलन भरले की २ डॉलर ७६ सेंट. म्हणजे 'यांचं काय जातं' याचं उत्तर, 'आपलंच जातं.' आणि म्हणूनच ते कुठे खर्च व्हावेत हे सांगण्याचा हक्कही आपल्याला आहे.

७. मग इतका वेळ का लागतो?

मोजणी, अर्ज, मंजुरी, आराखडा, ठेकेदार नेमणं, खोदकाम. एकेका पायरीला महिने जातात. शिवाय केंद्राच्या रस्तेनिधीतले पैसे बहुतेक वेळा आधी हातात मिळत नाहीत. सिटीने आधी खर्च करायचा, बिलं दाखवायची, मग पैसे परत मिळतात. मोठ्या शहराला हे जमतं. छोट्या गावाकडे तेवढी रोकड नसते, आणि लांबलचक अर्ज भरायला वेगळा माणूसही नसतो. अशा गावांचे अर्ज मागे पडतात. धोका कमी असतो म्हणून नव्हे, अर्ज लिहायला कोणी नसतं म्हणून.

तुम्ही सहावीत असताना मागणी केली, तर सिग्नल लागेपर्यंत कदाचित तुम्ही हायस्कूलमध्ये गेलेले असाल. त्याचा फायदा तुमच्या धाकट्या भावाला होईल. पण तोपर्यंत तोही रोज तोच रस्ता ओलांडणार आहे. म्हणून मोठी मागणी करतानाच, उद्यापासून होऊ शकेल अशी छोटी मागणीही करायची: सकाळी आणि दुपारी क्रॉसिंग गार्ड, पुसट झालेले पट्टे परत रंगवणं, पाटीसमोरची वाढलेली झाडी छाटणं.

८. तुम्ही काय करू शकता?

१. रस्त्याचा मालक कोण ते सिटीच्या ऑफिसात फोन करून विचारा.
२. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, फुटपाथवर सुरक्षित उभे राहून सलग तीन दिवस मोजा: किती मुलं ओलांडतात, १७ सेकंदांच्या फटी किती मिळतात, पट्ट्यांपाशी किती गाड्या थांबत नाहीत.
३. वर्गातल्या मुलांच्या पालकांकडून प्रश्नावली भरून घ्या. घरी मराठी, स्पॅनिश किंवा चिनी बोलणारे पालक असतील, तर त्यांच्या भाषेत विचारा. इथे तुमचं मराठी कामी येईल!
४. मुख्याध्यापकांना आणि पालक संघटनेला आकडे दाखवा. शाळेचं पत्र असलं की मागणीला वजन येतं.
५. सिटी काउन्सिलच्या सभेत बोला. तिथे सामान्य माणसाला सहसा दोन-तीन मिनिटं बोलता येतं. कोणावर चिडू नका. आकडे सांगा आणि काय हवंय ते स्पष्ट मागा.
६. सभेनंतर महिन्याभराने परत विचारा: "आमच्या मागणीचं काय झालं?" पुष्कळ मागण्या नाकारल्यामुळे नाही, तर परत कोणी न विचारल्यामुळे पडून राहतात.

उद्या सकाळी त्या रस्त्यापाशी पोचलात, की एकदा घड्याळ बघा. दोन गाड्यांच्या मध्ये किती सेकंद मिळतात? तुमच्या मोजणीतला तो पहिला आकडा असेल.

शब्दार्थ
ओलांडणे – एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाणे
कसोटी – एखादी गोष्ट योग्य आहे का हे तपासण्याची रीत
देखभाल – वस्तू चांगली राहावी म्हणून घेतलेली काळजी
पेच – सहज न सुटणारी अडचण
अनुदान – एखाद्या कामासाठी सरकारने दिलेले, परत न करायचे पैसे
ठेकेदार – ठरलेल्या पैशांत काम करून देणारा
हट्ट धरणे – एकच गोष्ट हवी म्हणून अडून बसणे
वजन येणे – (इथे) महत्त्व वाढणे

स्वाध्याय
अ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. पाचव्या कसोटीत एका तासात निदान किती विद्यार्थी मोजले जावे लागतात?
२. 'फट' म्हणजे काय?
३. 'हॉक' दिवा कोणत्या शहरात तयार झाला?

आ) गणित करा.
रस्ता ७० फूट रुंद असेल, तर बघून पाऊल उचलण्याचे ३ सेकंद धरून किती सेकंदांची फट लागेल?

इ) चार-पाच वाक्यांत लिहा.
धोकादायक रस्त्यावर मोजणीत मुलं कमी का दिसतात? यावर उपाय काय?

ई) बोला.
तुम्ही सिटी काउन्सिलच्या सभेत उभे आहात. दोन मिनिटांत तुमची मागणी मराठीत मांडा. मग आजीला किंवा आजोबांना ती ऐकवा आणि त्यांना काय पटलं, काय नाही, ते विचारा.